सिगारेटच्या कारखान्याची शाळा, जिला हेडमास्तर नव्हता

मागच्या महिन्यात पुण्याच्या मावसबहिणीने मला एक व्हिडिओ पाठवला. सहा-सात वर्षांची मुलं गोल करून बसलीयेत आणि दोन सुयांवर लोकर विणतायत, मुलगेसुद्धा, त्यातल्या एकाने तर जीभ दातात धरलेली, इतका तो गुंग. खाली हिचा मेसेज, ताई ही वॉल्डॉर्फ शाळा म्हणजे नक्की काय गं, परीक्षा नाही म्हणे, मार्क नाहीत, घरातला टीव्ही बंद करायला सांगतात, आणि फी ऐकून आमचे हे तर फोन ठेवून बाल्कनीतच गेले.

मी व्हॉइस नोट सुरू केली, अकरा मिनिटं झाली तरी संपेना, मग डिलीट करून टाकली आणि म्हटलं लिहूनच काढू, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आधीच सांगते, मी शिक्षणतज्ज्ञ वगैरे नाही. माझी दोन्ही मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर मी दोन वर्षं होते, आणि त्या मीटिंगांना बसून बसून मला एक खोड लागली, कुठल्याही शाळेबद्दल ऐकलं की मी आधी विचारते, चालवतं कोण? शिकवतात कसं हे नंतर. पर्यायी शाळांबद्दल आपल्याकडे जे काही बोललं जातं ते सगळं विणकाम, लाकडी खेळणी, मातीकाम आणि परीक्षा नाही या चार गोष्टींभोवती फिरतं. निर्णय कोण घेतं हे कोणी विचारतच नाही. आणि वॉल्डॉर्फच्या बाबतीत तर ही भलतीच गंमत आहे, कारण तिथे सुरुवातच त्या प्रश्नापासून झाली होती, विणकाम नंतर आलं.

तर १९१९ सालचं जर्मनी. आदल्या नोव्हेंबरात महायुद्ध हरलेले, कैसर हॉलंडला पळालेला, गावोगावी कामगारांच्या आणि सैनिकांच्या कमिट्या, खायला नाही, घरोघरी मेलेले नाहीतर लंगडत परत आलेले. दक्षिणेला स्टुटगार्ट शहरात एक सिगारेटचा कारखाना होता, वॉल्डॉर्फ-अस्टोरिया नावाचा, हजारेक कामगार, आणि तो चालवणारा माणूस एमिल मोल्ट. हो, वॉल्डॉर्फ हे नाव सिगारेटचं आहे. त्याआधी ते न्यूयॉर्कच्या एका बड्या हॉटेलचं होतं, आणि त्याच्याही आधी जर्मनीतल्या वालडोर्फ नावाच्या गावाचं, जिथून अस्टर नावाचा एक पोरगा अमेरिकेला जाऊन गब्बर झाला. म्हणजे आज ज्या नावाखाली साखर न घातलेला खाऊ आणि ऑरगॅनिक कॉटनचे कपडे विकले जातात ते नाव तंबाखूच्या पाकिटावरून आलंय. मला हे कळलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते.

मोल्ट साधा मालक नव्हता. त्याने कारखान्यातच कामगारांसाठी व्याख्यानं, वर्ग असं काहीबाही सुरू केलं होतं. पण दिवसभर काम करून दमलेल्या मोठ्या माणसाला शिकवून किती होणार, त्याच्या लक्षात आलं की हे मुलांपासूनच व्हायला पाहिजे. आणि मुलांचं तिकडे काय होतं, तर दहाव्या वर्षाच्या आसपास चाळणी लागायची, साहेबांची मुलं एका शाळेत, जिथून पुढे विद्यापीठाचा रस्ता, आणि कामगारांची मुलं दुसऱ्या शाळेत, जिथून चौदाव्या वर्षी थेट कारखान्याच्या गेटवर. दहाव्या वर्षी! आपल्याकडे दहावीला निदान पंधरा-सोळा वर्षांची तरी असतात.

या मोल्टचा रुडॉल्फ स्टायनरवर फार विश्वास. स्टायनर हा ऑस्ट्रियात वाढलेला विचारवंत, अध्यात्माकडे पूर्ण झुकलेला, त्याच्या त्या तत्त्वज्ञानाला अँथ्रोपॉसॉफी म्हणतात, त्याबद्दल पुढे थोडं सांगते कारण ते टाळून चालणार नाही. पण १९१९ मध्ये स्टायनर देवाधर्माचं नाही तर समाजाच्या रचनेचं बोलत फिरत होता. २३ एप्रिलला त्याने कारखान्यात कामगारांपुढे भाषण केलं, त्यानंतर मोल्टने त्याला गळ घातली की शाळेचं तुम्हीच बघा, आणि ७ सप्टेंबरला शाळा उघडलीसुद्धा. साडेचार महिने! शहराजवळच्या टेकडीवर एक रेस्टॉरंट होतं ते मोल्टने विकत घेतलं, तिथे २५६ मुलं, आठ वर्ग, बारा शिक्षक. २५६ पैकी १९१ मुलं कारखान्यातल्या लोकांची, त्यांची फी कारखाना भरणार. शिक्षकांना तयारीला दोन आठवडे मिळाले, २१ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर, रोज सकाळ-संध्याकाळ क्लास.

आता स्टायनरचं समाजाचं म्हणणं काय होतं ते सोपं करून सांगते, कारण ते कळलं नाही तर पुढचं सगळं फॅशन वाटतं. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द आपल्याला पाठ आहेत, राज्यघटनेच्या पहिल्याच पानावर आहेत. स्टायनर म्हणायचा की हे तीन शब्द तीन वेगळ्या खोल्यांचे आहेत आणि आपण ते भलत्या खोल्यांत ठेवलेत. एक खोली विचारांची, शिक्षण, कला, धर्म, संशोधन, तिथे स्वातंत्र्य पाहिजे. दुसरी कायद्याची आणि हक्कांची, तिथे समता, टाटा असो की टपरीवाला, मत एकच. तिसरी पैशाची, माल बनवणं-विकणं-खाणं, तिथे बंधुता, कारण माझी चप्पल दुसऱ्याने शिवलेली आहे आणि माझ्या ताटातला भात तिसऱ्याने पिकवलेला. भानगड कधी होते, तर एका खोलीचा मालक दुसऱ्या खोलीत घुसतो तेव्हा. पैसा कोर्टात घुसला की न्याय विकला जातो हे आपल्याला लगेच कळतं. पण सरकार वर्गात घुसलं की काय होतं आणि पैसा वर्गात घुसला की काय होतं, याची आपल्याला इतकी सवय झालीय की ते दिसतही नाही.

मला हे कळलं ते आपल्याच एका शब्दावरून. शिक्षणसम्राट. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं धडाधड निघाली, आणि त्यातून हा शब्द घराघरात गेला, साखरसम्राटाचा सख्खा भाऊ. बघा ना, शिक्षणाला सम्राट असतो हे आपण सहज बोलून जातो. संस्थाचालक हा शब्दही तसलाच, संस्थाचालक आले की सगळा स्टाफ उभा, पंचवीस वर्षं गणित शिकवणारे सरसुद्धा उभे, आणि हार घालायला दोन मुली तयार ठेवलेल्या. यात वाईट माणसंच असतात असं नाही, काही संस्थाचालकांनी खेड्यापाड्यात शाळा नेल्या हे खरंच आहे. पण मोल्टसुद्धा कारखानदारच होता, पैसे त्याचे, बिल्डिंग त्याने घेतलेली, आणि तरी वर्गात काय आणि कसं शिकवायचं ते शिक्षकांचं शिक्षक ठरवतील असं ठरलं. हा फरक मला विणकामापेक्षा फार मोठा वाटतो.

स्टायनरच्या अटी चार होत्या. शाळा सगळ्यांना खुली, मुलगे-मुली एकत्र, बारा वर्षांची एकच सलग शाळा म्हणजे मधली ती चाळणी नको, आणि शाळेचा कारभार जे मुलांसमोर रोज उभे राहतात त्यांच्या हातात, सरकारची आणि पैसेवाल्याची ढवळाढवळ कमीत कमी. शेवटची अट सगळ्यात अवघड, आणि सरकारशी तडजोड करावीच लागली. ठरलं असं की मूल नऊ, बारा आणि चौदा वर्षांचं होईल तेव्हा ते सरकारी शाळेतल्या मुलांच्या बरोबरीला आलेलं असेल, मधल्या वर्षांत कोणी काही विचारायचं नाही. मला हा तोडगा फार आवडतो, कोणालाच पूर्ण जिंकू न देणारा. आपल्याकडे दर महिन्याला पोर्टलवर काहीतरी भरायला लागणाऱ्या मास्तरांना हे वाचून दाखवलं तर ते रडतील.

शिकवण्याचं थोडक्यात सांगते, कारण ते व्हिडिओत दिसतंच. सकाळचे पावणेदोन-दोन तास एकच विषय, तोच तीन-चार आठवडे, मग दुसरा. पहिलीत आलेला शिक्षक शक्यतो आठवीपर्यंत त्याच मुलांबरोबर वर चढतो. मुलं स्वतःची वही हाच धडा म्हणून चित्रांसकट तयार करतात. वाचायला-लिहायला घाई नाही, डोकं-हृदय-हात तिन्हीचं शिक्षण, म्हणून शेती, सुतारकाम, गाणं, नाटक, आणि युरिथमी नावाचा एक हालचालींचा प्रकार, जो पहिल्यांदा बघताना हसू येतं हे मी कबूल करते. विणकाम सगळ्यांना, मुलगे-मुली दोघांना, आणि १९१९ मध्ये कामगाराचा मुलगा आणि मॅनेजरची मुलगी एका बाकावर बसून विणतायत ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट असेल. मोजे किती नीट झाले तो भाग वेगळा.

आता कारभार. शाळेला हेडमास्तर नाही म्हणजे मग सह्या कोण करतं, हा पहिला प्रश्न आमच्या ह्यांनी विचारला, आणि बरोबरच आहे.

त्याचं उत्तर असं की दर आठवड्याला सगळे शिक्षक एकत्र बसतात, स्टुटगार्टपासून ही मीटिंग गुरुवारी दुपारी व्हायची, बऱ्याच शाळांत अजूनही गुरुवारच आहे. या मीटिंगचा एक भाग मला फार मोलाचा वाटतो, त्यात एकाच मुलाबद्दल बोलायचं. एकच मूल. ते चालतं कसं, झोपतं किती, चित्रात कुठला रंग टाळतं, डब्यातलं काय परत नेतं, वर्गशिक्षकाला काय दिसतं, गाण्याच्या बाईंना काय दिसतं, सुतारकामाच्या सरांना काय. लगेच उपाय शोधायचा नाही, आधी नुसतं बघितलेलं सांगायचं. आपल्या शाळांतल्या मीटिंगा आठवा, त्यात मूल कधी येतं? पट येतो, आधार लिंकिंग येतं, पोषण आहाराचा तांदूळ येतो.

बाकीची कामं छोट्या छोट्या गटांना वाटून दिलेली असतात. अॅडमिशन बघणारे दोघं-तिघं, नवीन शिक्षक निवडणारे तिघं-चौघं, वेळापत्रकवाले वेगळे. गटाला काम दिलं की निर्णयही त्यांचाच, बाकीच्यांनी मागून फाटे फोडायचे नाहीत, मुदत संपली की हिशोब द्यायचा आणि गट बदलायचा. कायद्याने कागदावर एक संस्था असते, त्यात पालक आणि शिक्षक दोघं, बिल्डिंग आणि पैसा तिच्या ताब्यात, पण वर्गात काय शिकवायचं यात तिने तोंड घालायचं नाही. काही वॉल्डॉर्फ शाळांत पगारसुद्धा डिग्री बघून नाही तर गरज बघून ठरतात, घरात किती तोंडं आहेत वगैरे. ही तिसऱ्या खोलीतली बंधुता. हाउसिंग सोसायटीत ज्यांनी पार्किंगवरून तीन-तीन तास भांडणं ऐकलीयेत त्यांना हे ऐकून घाम फुटेल, मलाही फुटला होता.

आणि घाम फुटायला कारण आहे, ते पण सांगायला हवं. पहिली गोष्ट, त्या हेड नसलेल्या पहिल्या शाळेला खरं तर हेड होता, स्वतः स्टायनर. पहिले शिक्षक त्यानेच निवडले, काही अडलं की सगळे त्याची वाट बघायचे, आणि ३० मार्च १९२५ ला तो गेला तेव्हा शिक्षकांना खऱ्या अर्थाने स्वतः चालवायला लागलं. दुसरी गोष्ट, खुर्ची काढून टाकली म्हणून सत्ता जात नाही, ती सगळ्यात जुन्या मॅडमच्या भुवईत जाऊन बसते, सगळे बोलताना तिकडे बघतात, आणि नव्या शिक्षकाला कळतच नाही की आपण नक्की कोणाशी भांडायचं. तिसरी फार गंभीर. २०१८-१९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये काही स्टायनर शाळा सरकारी तपासणीत सपशेल नापास झाल्या, एक तर बंदच पडली, आणि अहवालांत मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा होता. सगळे मिळून जबाबदार असले की तक्रार घेऊन आलेल्या आईसमोर उभं कोण राहणार हे ठरलेलं नसतं. म्हणून आता बऱ्याच शाळांनी मधला मार्ग काढलाय, शिकवण्याचं शिक्षकमंडळ बघतं पण सुरक्षा, पैसे, नेमणुका यासाठी नाव-गाव असलेला एक माणूस नेमलेला असतो.

अँथ्रोपॉसॉफीचं म्हटलं होतं ना. पुनर्जन्म, कर्म, सात-सात वर्षांचे टप्पे, हे सगळं स्टायनरच्या विचारात आहे. आपल्याला पुनर्जन्म ऐकून दचकायला होत नाही पण युरोपात होतं, आणि त्यातलं बरंचसं विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही हे सरळ आहे. वंशांबद्दलची त्याची काही विधानं तर आज वाचवत नाहीत, जर्मनीतल्या वॉल्डॉर्फ शाळांच्या संघटनेला २००७ मध्ये जाहीर निवेदन काढून भेदभावाशी आमचा संबंध नाही असं सांगावं लागलं. लसीकरणाबद्दल नाखूष असलेले पालक या शाळांत जास्त दिसतात, तिथे गोवरही पसरलाय. बहिणीला मी म्हटलं, तू शाळा बघायला जाशील तेव्हा लोकर नंतर बघ, आधी हे विचार.

दुसरीकडे हेही खरं, की नाझींनी १९३८ मध्ये स्टुटगार्टची ती शाळा बंद पाडली, १९४५ मध्ये युद्ध संपल्यावर ती पुन्हा उघडली, कारखाना त्याच्या आधीच १९२९ मध्ये बंद झाला होता. स्टायनरची समाज बदलायची चळवळ तर १९१९ सालीच बसली, कामगार संघटनांना ती पटली नाही, मालकांना तर नाहीच नाही. उरली ती टेकडीवरची शाळा. आज जगभर हजाराच्या वर वॉल्डॉर्फ शाळा आहेत. आपल्याकडे हैदराबादची श्लोका १९९७ ची, मुंबईत अंधेरीला त्रिधा निघाली २००० मध्ये, नावातच तीन आहे बघा.

माझी तक्रार कुठल्या एका शाळेबद्दल नाही, ती या प्रवासाबद्दल आहे. कामगारांच्या पोरांसाठी निघालेली शाळा जगभर फिरत फिरत आपल्यापर्यंत आली तोपर्यंत तिच्यात कामगारांची पोरं उरली नाहीत. पद्धत आली, रंग आले, सुया आल्या. सगळ्यांना खुली ही पहिली अट फीच्या पावतीत अडकली. सरकार पैसे देत नाही म्हणून फी, फी म्हणून ठराविकच लोक, हे गणित मला कळतं, त्यात कोणाची लबाडी नाही, जर्मनीत सरकार अशा शाळांच्या खर्चातला बराच वाटा उचलतं म्हणून तिथे थोडं वेगळं चित्र आहे. पण मग समाज नवा करण्याची भाषा ब्रोशरमध्ये वाचली की मी चष्मा काढून पुसते.

मुलांच्या हातात कारभार द्यायचा हा वेगळाच रस्ता. ए. एस. नील नावाच्या स्कॉटिश माणसाने १९२१ मध्ये समरहिल नावाची शाळा काढली, पुढे ती इंग्लंडात सफोकमध्ये गेली, तिथे शाळेचे नियम सभेत ठरतात आणि सहा वर्षांच्या पोराचं आणि शिक्षकाचं मत सारखंच मोजलं जातं. सरकारने ती बंद करायची नोटीस काढली होती, मार्च २००० मध्ये लंडनच्या कोर्टात केस उभी राहिली, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सरकारी बाजूने तडजोडीचा प्रस्ताव आला, तर शाळेने काय करावं, कोर्टाच्याच खोलीत मुलांची सभा भरवली, चर्चा केली, मतं घेतली, आणि प्रस्ताव मान्य केला. मी ही हकिगत मुलांना जेवताना सांगितली तर धाकटा म्हणाला, मग आपण घरी सभा कधी घेतो. विषय बदलला मी.

पण आपल्याला इतकं लांब जायचं कारणच नाही, वर्ध्याला जा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद बोलावली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि त्यातून नई तालीम आली. सात वर्षं सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, हाताने करायच्या कामाच्या आधाराने. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम या दोघांनी ते करून दाखवलं. टकलीवर, म्हणजे हाताने फिरवायच्या छोट्या चातीवर, सूत काततानाच गणित, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी, मग तुझ्या गुंडीला किती तार, कापूस किती ग्रॅम घेतला होता, वाया किती गेला, कापूस आला कुठून, तिथे पाऊस किती पडतो, विकला कोणी आणि कितीला. एका पेळूतून, म्हणजे कातायला वळलेल्या कापसाच्या वातीतून, भूगोल-इतिहास-हिशोब सगळं निघायचं. आणि मुलांची आमसभा असायची, मुलं आपल्यातूनच मंत्री निवडायची, सफाईचा मंत्री, स्वयंपाकघराचा मंत्री, आणि मंत्र्याला भाषण करायचं नसायचं, सफाई झाली का ते सभेत सांगायचं असायचं. ज्या देशात झाडू कोणी धरायचा हे जन्माने ठरायचं तिथे ते आळीपाळीने ठरायला लागलं.

मग स्वातंत्र्यानंतर सरकारने बुनियादी म्हणजे नई तालीमच्या शाळा काढल्या आणि सगळं उलटं झालं, म्हणजे वॉल्डॉर्फसारखंच, सूत आलं आणि सभा मागेच राहून गेली. कातकाम हा वेळापत्रकातला एक तास झाला, वरून आलेला, इन्स्पेक्टर मोजायला येणार म्हणून काततायत. शहरी आई-बाप म्हणाले, ते खेड्यातल्या मुलांना ठीक आहे. खेड्यातले म्हणाले, आमच्या मुलांना परत हातकामालाच लावताय का? दोघांचंही काही चुकलं असं मला वाटत नाही. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा मधली कितीतरी वर्षं बंद होती, २००५ पासून पुन्हा चालू आहे, वर्ध्याला गेलात तर बघा.

आणि आता माझ्या समितीबद्दल. २००९ चा शिक्षणहक्क कायदा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, त्याच्या एकविसाव्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तीन चतुर्थांश सभासद पालक पाहिजेत. निम्म्या बायका पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्याकडे अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक सचिव. काम काय, तर शाळेवर लक्ष ठेवणं, आलेला पैसा कुठे गेला ते बघणं, शाळा विकास आराखडा बनवणं. अनुदानित शाळांत ही समिती फक्त सल्ला देऊ शकते, आणि विनाअनुदानित खाजगी शाळांना तर हे कलम लागूच नाही. म्हणजे लाखभर फी भरणाऱ्या बापाला शाळेच्या कारभारात जो हक्क कायद्याने नाही तो ऊसतोड करणाऱ्या आईला जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. फी ठरवताना पालकांची कमिटी लागते तेवढं सोडलं तर. माझ्या बहिणीला हे खरंच वाटेना, तिने गुगल करून बघितलं.

स्टायनरला हे आवडलं असतं का? बहुतेक नाही, त्याला कारभार शिक्षकांच्या हाती हवा होता आणि सरकार लांब. इथे सरकारच कायदा करून पालकांना आणतंय, आणि ज्या शिक्षकांच्या हातात काहीच नाही, ज्यांना जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळीकडे पळवतात, त्यांच्यावर आणखी एक कमिटी. आमच्या शाळेतल्या बाई पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, अहो तुम्ही नुसत्या सह्या केल्या तरी पुष्कळ झालं. त्यांना वाईट म्हणायचं नव्हतं. आधीची समिती तशीच चालायची, रजिस्टर शिपाईमामा घरी घेऊन यायचे, चहा प्यायचे, सही घेऊन जायचे, प्रोसिडिंगमध्ये सर्वानुमते मंजूर.

मला पण वर्षभर तेच बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मीटिंगला जायचं म्हणजे दुपार मोडते, आणि ज्या रोजाने जातात त्यांचा तर रोज बुडतो, त्याबद्दल कायद्यात एक ओळ नाही.

दुसऱ्या वर्षी एका मीटिंगला आम्ही सातजणी-आठजण होतो. विषय होता शाळा विकास आराखडा, सर वाचत होते, डिजिटल बोर्ड, कंपाउंड वॉल, बाग. कोपऱ्यात एक आई बसली होती, वीटभट्टीवर कामाला जाणारी, आधीच्या चार मीटिंगांत एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, पोरींच्या संडासाला आतून कडी न्हाई. सर म्हणाले, आहे ना, बसवलीये. ती म्हणाली, हाय, पण लागत न्हाई, माझी पोर मैत्रिणीला दार धरायला लावती, आन् मैत्रीण आली नसली की दिवसभर पाणी पित न्हाई. मग सगळेच उठून बघायला गेलो, सर, मी, शिपाईमामा, त्या आईसकट. दार फुगलं होतं पावसाने, कडी आणि कोयंडा यांच्यात बोटभर अंतर. शिपाईमामांनी पटाशी आणली, तिथल्या तिथे दार तासलं, कोयंडा खाली घेऊन ठोकला, वीस मिनिटांचं काम. बाईंनी परत येऊन रजिस्टरमध्ये पहिला विषय म्हणून ते लिहिलं, डिजिटल बोर्डाच्या वर, आणि त्या आईला विचारलं, नाव काय लिहू, सूचक म्हणून?

तिने पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, आणि बाईंनी ते नीट लिहिलंय ना हे वाकून बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ती बराच वेळ बघत होती.